उसने अवसान आपले होते का? आत्मविश्वासाचा आव आणण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात आणि नवी मुंबईत कोपरखैरण्याला गेली काही वर्षे मी मुलाखतीच्या आणि चारचौघांत बोलण्याच्या तयारीचे रविवारचे वर्ग घेते. डिप्लोमा नुकताच पूर्ण केलेली मुले, दहा-बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या स्त्रिया, महापे किंवा रबाळे येथील कारखान्यांत नव्याने सुपरवायझर झालेले तंत्रज्ञ आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिल्यांदाच अहवाल वाचायची वेळ आलेले चिटणीस असे सगळ्या प्रकारचे लोक या वर्गांना येतात. त्यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न आणि मी देत असलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

आत्मविश्वास नसताना तो असल्याचा आव आणला, तर पुढे तो खरोखर येतो का?

येऊ शकतो, मात्र तो आव आणल्यामुळे येत नाही, आव आणून आपण जे काम अंगावर घेतो ते काम पार पडल्यामुळे येतो. मराठीत यासाठी ‘उसने अवसान’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. अवचित पाहुणा आला म्हणून शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तिचा चहा झाला आणि वेळ निभावली, तर ती उसनवारी सार्थकी लागली असे आपण म्हणतो. तीच वाटी फडताळात ठेवून ‘आपल्या घरात साखर आहे’ असे मानून बसलो, तर चहाही होत नाही आणि परतफेडही चुकत नाही. आत्मविश्वासाचा आव आणणाऱ्यांपैकी काही जण त्याचा चहा करतात आणि बरेच जण वाटी फडताळात ठेवतात, एवढाच काय तो फरक आहे.

आत्मविश्वास म्हणजे नेमके काय?

‘मी भारी आहे’ ही भावना म्हणजे आत्मविश्वास, असा समज सर्वत्र दिसतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना अधिक उपयोगी आहे. अमुक एक काम आपल्याला जमेल की नाही याविषयी माणसाची जी स्वतःची धारणा असते, तिचा त्यांनी अभ्यास केला आणि ही धारणा चार वाटांनी घडते असे सांगितले. ते काम आपण स्वतः करून पाहिलेले असणे, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहिलेले असणे, विश्वासातल्या माणसाने ‘तुला जमेल’ असे सांगितलेले असणे, आणि त्या क्षणी आपल्या शरीराची व मनाची असलेली अवस्था, अशा त्या चार वाटा आहेत. यांतील पहिली वाट सर्वांत बळकट असल्याचे बांडुरा यांनी स्पष्ट केले होते. आव आणणे या चारांपैकी कशातही थेट बसत नाही. ते फार तर चौथ्या वाटेला थोडासा हात लावते आणि पहिल्या वाटेवर पाऊल टाकायला धीर देते.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट निघते. जमेल ही धारणा कामागणिक वेगळी असते. भर पावसात घोडबंदर रस्त्यावर ट्रेलरच्या रांगांमधून शांतपणे गाडी काढणारी बाई, ऐरोलीच्या कार्यालयात पाच जणांसमोर तीन मिनिटे बोलायचे म्हटले की पाणी पाणी होते. तिला ‘आत्मविश्वास नाही’ असे म्हणणे चूक आहे, कारण तिला फक्त त्या एका कामाचा अनुभव नाही. म्हणून वर्गात कोणी ‘मला आत्मविश्वास हवा आहे’ असे म्हणाले, की ‘कशाचा?’ हा प्रश्न मी आधी विचारते, आणि त्याचे उत्तर द्यायला बहुतेकांना बराच वेळ लागतो.

छाती काढून दोन मिनिटे उभे राहिले की आत्मविश्वास वाढतो, असे ऐकले आहे. त्यात तथ्य किती?

या समजुतीमागे मोठा इतिहास आहे. आपण दुःखी होतो म्हणून रडतो असे सगळे मानत असताना, शरीरातील बदलांची जाणीव म्हणजेच भावना, म्हणजे रडतो म्हणून दुःखी होतो, अशी उलटी मांडणी विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये केली होती. शरीराकडून मनाकडे जाणारा रस्ता आहे, ही कल्पना तेव्हापासून टिकून आहे.

अलीकडचे प्रसिद्ध उदाहरण २०१० मधील आहे. डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी ४२ जणांवर प्रयोग करून असे प्रसिद्ध केले, की ऐसपैस, अधिकाराच्या थाटात एकेक मिनिट दोन पवित्रे घेतले तर माणसाला बलवान वाटते, तो जोखीम घ्यायला अधिक तयार होतो आणि त्याच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन (वर्चस्वाशी जोडले जाणारे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन) वाढून कॉर्टिसॉल (ताणाशी जोडले जाणारे संप्रेरक) घटते. कडी यांचे २०१२ मधील टेड व्याख्यान जगभर पाहिले गेले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहण्याचा सल्ला आपल्याकडच्या प्रशिक्षण वर्गांतही पोहोचला. पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही आणि जोखीम घेण्याच्या वृत्तीतही आढळला नाही; ‘मला बलवान वाटते आहे’ एवढे मात्र लोकांनी सांगितले. मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका कार्नी यांनी २०१६ मध्ये, या परिणामांवर आपला आता विश्वास राहिलेला नाही, असे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाविषयी असे लिहायला लागणारा धीर मला त्या पवित्र्यांपेक्षा मोठा वाटतो.

हसण्याविषयीही असेच घडले. दातांत पेन धरून चेहरा हसरा ठेवला तर गंमतचित्रे अधिक गमतीदार वाटतात, हा १९८८ मधील निष्कर्ष २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तपासला आणि तो उभा राहिला नाही. नंतर १९ देशांतील ३,८७८ लोकांना घेऊन केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की मुद्दाम हसरा चेहरा केल्याने आनंद थोडासा वाढतो. पेनच्या युक्तीविषयी मात्र ठाम काही सांगता आले नाही. थोडक्यात, शरीराकडून मनाकडे जाणारा रस्ता आहे, पण तो गल्लीएवढा आहे. त्याला हायवे समजून चालणार नाही.

मग ताठ बसणे, नजर देऊन बोलणे हे सगळे निरुपयोगी आहे का?

निरुपयोगी नाही. ताठ बसल्यावर श्वास पुरतो, आवाज समोरच्यापर्यंत पोहोचतो आणि तो आपले बोलणे लक्ष देऊन ऐकतो. एवढे फायदे पुरेसे आहेत. त्यासाठी संप्रेरकांना कामाला लावण्याची गरज नाही.

नोकरीच्या मुलाखतीत आव आणावा का?

या प्रश्नाचे उत्तर मी दोन भागांत देते, कारण आव दोन गोष्टींचा आणला जातो आणि त्यांचे परिणाम परस्परांच्या अगदी उलट होतात.

पहिला आव धीराचा. पोटात गोळा आलेला असताना दार उघडून आत जाणे, खुर्चीत नीट बसणे, पहिले वाक्य सावकाश बोलणे आणि नाव विचारल्यावर स्वतःचे नाव गिळून न टाकणे, एवढे सोंग अवश्य आणावे. यात कोणाची फसवणूक होत नाही. आपण आधीच घाबरलेले आहोत हे समोरच्यालाही ठाऊक असते आणि त्याला आपल्या घाबरण्यात काडीचाही रस नसतो.

दुसरा आव ज्ञानाचा. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात; ज्ञानाचे सोंगही त्याच जातीचे आहे. कंपनीतील सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला ‘दोन वर्षांचा अनुभव’ म्हणून दाखवणे, न वापरलेले सॉफ्टवेअर बायोडेटात लिहिणे किंवा प्रश्न समजला नसताना मान डोलावणे, हे मुलाखतीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते. मुलाखतीतून निसटले, तर आज बहुतेक मोठ्या कंपन्या नेमणुकीपूर्वी कागदपत्रांची आणि आधीच्या नोकरीची पडताळणी करून घेतात. तेथूनही निसटले तर त्याचे काय होते, हे मी स्वतः अनुभवलेले आहे. वागळे इस्टेटमधील माझ्या पहिल्या नोकरीत एका साहेबांनी ड्रॉइंग पुढे टाकून ‘समजले ना?’ असे विचारले आणि काही न समजताही मी ठणठणीत आवाजात ‘हो सर’ म्हणाले. माझा आवाज इतका खात्रीचा होता, की त्यांनी पुन्हा विचारले नाही. पुढचे तीन आठवडे मी रोज कोणाला तरी गुपचूप काहीतरी विचारत होते आणि विचारल्याचे कळू नये म्हणून धडपडत होते. त्या ‘हो सर’ने माझा आत्मविश्वास वाढला नाही, एका वाक्यात विचारता आली असती अशी गोष्ट मात्र तीन आठवडे महाग झाली.

वर्गात आम्ही म्हणूनच ‘माहीत नाही’ हे वाक्य आत्मविश्वासाने म्हणण्याचा सराव करतो. ‘हे मी प्रत्यक्ष केलेले नाही; पण याच्या जवळचे अमुक काम केले आहे आणि त्यावरून माझा अंदाज असा आहे’, हे वाक्य खाली न पाहता आणि माफी न मागता म्हणता येणे ही कौशल्याची गोष्ट आहे. धीराचा आव आणि ज्ञानाचा प्रामाणिकपणा या एका वाक्यात एकत्र येतात.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी सफाईदार येत असल्याचा आव आणावा का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो आणि तो विचारताना लोकांचा आवाज खाली जातो. पाठ केलेली इंग्रजी वाक्ये भरभर म्हणून टाकणे हा यावरचा प्रचलित उपाय आहे आणि तो बहुधा अंगाशी येतो, कारण तुमचा वेग ऐकून समोरचा माणूसही त्याच वेगाने प्रश्न विचारू लागतो. आपणच लावलेल्या फास्ट लोकलच्या मागे मग आपल्यालाच धावावे लागते.

त्याऐवजी सावकाश आणि लहान वाक्यांत बोलावे, अडल्यास थांबावे आणि थांबल्याचा संकोच करू नये. आपल्या कामाविषयी लागणारे शंभर-दीडशे शब्द आणि वीस-पंचवीस वाक्यरचना पक्क्या असल्या, तर तांत्रिक मुलाखत निभावते. हे शब्द मोठ्याने, रोज आणि शक्यतो दुसऱ्या माणसासमोर उच्चारले पाहिजेत. मनात घोकून भागत नाही. एक मुलगा ठाण्याहून तुर्भ्याला जाताना ट्रान्सहार्बरच्या डब्यात मित्राला रोज एक यंत्र इंग्रजीत समजावून सांगत असे. पहिल्या आठवड्यात समोरचे प्रवासी त्याच्याकडे बघत, नंतर त्यांनी बघणे सोडून दिले. त्याची भीड नेमकी त्याच सुमारास गेली, हे त्याने मला स्वतः सांगितले. हा आव होता का? सुरुवातीला होता, दोन महिन्यांनी नुसते बोलणे उरले होते.

मी घाबरले आहे हे समोरच्याला कळतेच ना? मग सोंग आणून उपयोग काय?

आपल्याला वाटते त्यापेक्षा फार कमी कळते. आपल्या मनातील खळबळ काचेतून दिसावी तशी इतरांना दिसते, असा भ्रम माणसाला होतो, हे थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. पुढे केनेथ सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषणापूर्वी काही वक्त्यांना या भ्रमाची माहिती देऊन पाहिली. ज्यांना ती दिली होती त्यांचे भाषण त्यांना स्वतःला आणि श्रोत्यांनाही इतरांपेक्षा चांगले वाटले. येथे वक्त्यांना कोणताही आव आणायला सांगितलेले नव्हते, फक्त एक खरी गोष्ट सांगितली होती. आमच्या वर्गात आम्ही प्रत्येकाचे बोलणे मोबाइलवर चित्रित करून त्यालाच दाखवतो; ‘माझे हात इतके थरथरत होते’ असे सांगणाऱ्याला पडद्यावर ते थरथरणे सापडत नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर येणारा भाव पाहण्यासारखा असतो.

आरशासमोर उभे राहून ‘मी सर्वोत्तम आहे’ असे रोज म्हणावे का?

मी तसा सल्ला देत नाही. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःविषयी आधीच कमी मत असलेल्या लोकांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर त्यांना उलट अधिक वाईट वाटले. ज्यांना त्या वाक्याची गरज होती त्यांनाच ते बाधले. मनाला न पटणारे वाक्य तोंडाने म्हणू लागले, की मन आतून त्याचे खंडन करत बसते.

त्याऐवजी खरे आणि लहान वाक्य निवडावे. ‘पहिली दोन मिनिटे जड जातील, मग जमेल’ हे वाक्य चालते, कारण त्यावर मन वाद घालत नाही. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलेली युक्तीही अशीच आहे. धडधडणाऱ्या छातीला ‘शांत हो’ असे बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्सुकता वाटते आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांची भाषणे चांगली झाली. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत छाती धडधडतेच. तेव्हा त्याच धडधडीला दुसरे नाव देणे सोपे जाते, तिला बंद पाडणे जमत नाही.

आव आणणे हा खोटेपणा नाही का?

तालीम आणि थाप यांत जो फरक आहे, तोच येथे लावावा. गडकरी रंगायतनात उभा राहणारा नट कितीतरी दिवस तालीम करतो. पहिल्या दिवशी हातात कागद असतो, आवाज बेतलेला असतो आणि चालणेही कृत्रिम असते. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. नवी भूमिका, मग ती रंगमंचावरची असो, सुपरवायझरची असो की सासूबाईंची असो, सुरुवातीला बेतावीच लागते. आपल्या आवाक्याबाहेरचे आश्वासन देऊन कोणाचे नुकसान होण्याची वेळ आणली, तर मात्र तालीम संपून थाप सुरू झाली असे समजावे. न शिकता वायरिंगला हात घालणाऱ्याच्या थाटाला आत्मविश्वास म्हणत नाहीत.

बढती मिळाली, तरी आपण त्या जागेला लायक नाही असे वाटत राहते. आपला आव उघडा पडेल अशी भीती वाटते.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १५० हून अधिक कर्तबगार स्त्रियांशी केलेल्या कामावरून १९७८ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले; तिला ‘इम्पोस्टर’ची, म्हणजे आपण तोतया असल्याची, भावना म्हणतात. यश नशिबाने किंवा कोणाच्या तरी चुकीने मिळाले, असे या लोकांना वाटत राहते. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. कर्तृत्व खरे असते आणि आव कुठेच नसतो, तरी माणूस स्वतःला सोंगाड्या समजतो. अशा व्यक्तीला आणखी आव आणायला सांगणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय, कारण पुढच्या यशाचे श्रेयही ती त्या सोंगालाच देईल. तिने तारीखवार वही ठेवावी: कोणते काम होते, त्यात आपण काय केले आणि काय निष्पन्न झाले. वहीशी भांडणे कठीण जाते.

रोज हसतमुख आणि धीट राहण्याचा आव आणून मी थकून जातो. हे स्वाभाविक आहे का?

होय. विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून अर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये वरवरचा अभिनय आणि आतून केलेला अभिनय असा भेद मांडला. आत एक भावना आणि चेहऱ्यावर दुसरी, अशा वरवरच्या अभिनयाचा ताण त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत थकव्याशी जोडलेला आढळला आहे. ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर बहिर्मुख वागायला सांगितले होते. एकंदरीत त्यांना त्यातून आनंद मिळाला, पण मुळात अंतर्मुख असलेल्यांना लाभ कमी झाला आणि थकवा व कृत्रिमपणा अधिक जाणवला.

तेव्हा बडबडे होणे आणि धीट होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. मितभाषी माणसाने बैठकीत एकच मुद्दा मांडला आणि तो स्पष्ट मांडला, तर तेवढे पुरते. आव मोजक्या प्रसंगांसाठी राखून ठेवावा आणि घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढावा.

आव आणून बोललो आणि फजिती झाली तर?

अविवेकी विचार बदलून भावना सावरायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. ही उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या व्याख्यानांतून ती अनेकांच्या परिचयाची झाली. एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. त्यांनी महिनाभर न्यूयॉर्कमधील वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या दिसेल त्या स्त्रीशी बोलायचे ठरवले. काही जणी उठून गेल्या, सुमारे शंभर जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आली नाही. निकाल म्हणून पाहिले तर हाती शून्य आले; पण कोणी किंचाळले नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत आणि एलिस यांची भीती मात्र गेली. फजितीची भीती यशामुळेच जाते असे नाही, फजिती होऊनही आपण शाबूत राहतो हे पाहूनही जाते. (आजच्या काळात अनोळखी स्त्रियांवर हा प्रयोग करू नये. भाजीवाल्याशी भाव करणे, सभेत एक प्रश्न विचारणे किंवा दुकानात घेतलेली वस्तू परत करणे एवढ्यावर काम भागते.)

किती दिवसांत फरक पडतो?

दिवसांपेक्षा खेपा मोजाव्यात. आठवड्यातून दोनदा बोलणाऱ्याला जे दोन महिन्यांत साधते, ते महिन्यातून एकदा बोलणाऱ्याला वर्षभरातही साधत नाही.

मूल लाजाळू आहे. त्याला ‘घाबरू नकोस, धीट हो’ असे सांगावे का?

सांगून मुले धीट होत नाहीत, आणि पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभे केल्याने तर मुळीच होत नाहीत. त्याला दुकानात एकट्याने बिस्किटाचा पुडा आणायला पाठवावे आणि परत आल्यावर फार कौतुक न करता सुटे पैसे मोजून घ्यावेत. काम खरे होते, हे त्याला त्यावरून कळते.

आव आणण्याने भागणार नाही, मदत घेतली पाहिजे, हे कसे ओळखावे?

भीतीपोटी परीक्षा, मुलाखती, लग्नकार्ये किंवा नोकरीच टाळली जात असेल, आणि असे अनेक महिने चालू असेल, तर तो सामाजिक भीतीचा विकार असू शकतो. त्यात आव आणणे अपायकारकही ठरते. हात थरथरलेले दिसू नयेत म्हणून ते खिशात ठेवणे, प्रत्येक वाक्य आधी मनात घोकून मगच बोलणे, फोन पाहत असल्याचे भासवणे, अशा बचावाच्या क्लृप्त्यांमुळे प्रसंग निभावतो. पण ‘क्लृप्तीमुळे वाचलो’ असे वाटून भीती जागच्या जागी राहते. उपचारांत या क्लृप्त्या एकेक करून सोडायला शिकवतात.

यासाठी केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे जाणे म्हणजे वेडे ठरणे, ही समजूत ठाण्यात अजूनही आहे आणि ती दुसऱ्या कोणत्याही भीतीपेक्षा अधिक लोकांना घरी बसवते. डॉक्टरांसमोर गेल्यावर मात्र बरे असल्याचा आव आणू नये. काय टाळता, केव्हापासून टाळता आणि त्यामुळे कोणते काम अडले आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात आणि बोलायला जमले नाही तर तो कागदच त्यांच्या हातात द्यावा.